बाबांचं हँडबिल

माझे सासरे एका सकाळी दूध आणतो म्हणून बदलापूरच्या घरातून बाहेर पडले आणि परत आले नाहीत. नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. मी तेव्हा उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये, एका सिंधी सेठच्या डीटीपी सेंटरवर कामाला होते. लग्नपत्रिका, क्लासच्या जाहिराती, साड्यांच्या सेलची हँडबिलं, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाची पोस्टरं, हे सगळं कॉम्प्युटरवर जुळवायचं आणि छापखान्यात चालेल असं करून द्यायचं, हे माझं रोजचं काम.

बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात फोरमन होते. निवृत्त झाल्यावर ते विसरायला लागले. आधी चष्मा कुठे ठेवला ते, मग शेजाऱ्यांची नावं, मग कधी कधी आम्हालाही. डॉक्टर म्हणाले, वयामुळे होतं. कारखान्याचा भोंगा मात्र ते विसरले नव्हते. घरी येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचे, "भोंगा झाला का?" झाला म्हटलं की शांत बसायचे. नाही म्हटलं की चपला शोधायला उठायचे. त्यामुळे आम्ही सगळे नेहमी झाला म्हणायचो.

पहिले दोन दिवस माझे यजमान आणि मोठे दीर नुसते फिरत होते. स्टेशनं, सरकारी दवाखाने, देवळं, ओळखीच्यांची घरं. पोलिसांत तक्रार दिली. तिथल्या हवालदाराने फोटो ठेवून घेतला आणि सांगितलं की आमच्या बाजूने आम्ही बघतोच, पण तुम्ही हँडबिलं छापून सगळीकडे लावा, त्याचा जास्त उपयोग होतो. हे ऐकून घरी आल्यावर सगळे माझ्याकडे बघायला लागले.

खरं तर मलाही बरं वाटलं. दोन दिवस मी नुसती खिडकीत उभी होते. आता निदान हाताला काम होतं, आणि ते मला येणारं काम होतं.

अडचण फोटोपासूनच सुरू झाली. बाबांना फोटो काढून घ्यायचा कंटाळा. घरात त्यांचे समोर बघणारे दोनच फोटो निघाले. एक निरोप समारंभातला, कोट घातलेला, गळ्यात हार, पण तो फार जुना. दुसरा धाकट्या नणंदेच्या लग्नातला, त्यात आई, म्हणजे माझ्या सासूबाई, आणि बाबा शेजारी शेजारी उभे. मी दोन्ही घेतले आणि सकाळी सेंटरवर गेले. सेठला सांगितलं तेव्हा त्याने हातातला चहाचा ग्लास खाली ठेवला. दुकानात दोन गिऱ्हाइकं पत्रिकेसाठी बसली होती, त्यांना त्याने संध्याकाळी यायला सांगितलं आणि मला म्हणाला, "बेटा, आज दूसरा कोई काम नहीं."

दुपारी आई आणि मोठे दीर तिथे आले. मी काय करते ते बघायला आई त्या दुकानात पहिल्यांदाच आल्या होत्या. सेठने त्यांना माझ्या मागे स्टुलावर बसवलं. स्क्रीनवर लग्नातला फोटो उघडा होता. मी आईंना त्यातून कापून काढलं होतं. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि मग हळूच म्हणाल्या, "माझा खांदा राहिलाय गं तिथे." खरंच, बाबांच्या दंडाशी त्यांच्या शालूचा काठ उरला होता. मी तो पुसला. 

दिरांचं म्हणणं, कोटातला फोटो घ्यावा. त्यात बाबा भारदस्त दिसतात. लोक एखाद्या साहेबाला मदत करतील, भटक्याला कोण विचारतं? मला ते पटत नव्हतं. बाबा घरातून गेले तेव्हा त्यांची दाढी आठवडाभर वाढलेली होती. वस्तऱ्याची त्यांना भीती वाटायला लागली होती, कुणाला गालाला हात लावू द्यायचे नाहीत. अंगही उतरलं होतं. कोटातला माणूस शोधणारे लोक त्यांच्या शेजारून निघून गेले असते. मी म्हटलं, आत्ता ते जसे दिसतात तसा फोटो करते.

आजवर मी याच्या उलटच करत आले होते. नवरीच्या गालावरचे डाग घालव, पुढाऱ्याचे केस काळे कर, डोळ्यांखालच्या सुरकुत्या पूस. त्या दिवशी मी लग्नातल्या हसऱ्या बाबांच्या गालावर पांढरी खुंटं काढली. केस विरळ केले. गाल थोडे आत ओढले. डोळ्यांखाली छाया टाकली. दीर मागे उभे होते. ते एकदम म्हणाले, "अगं, हे काय केलंस? भिकारी दिसतायत बाबा. हे सगळ्या गावात लावायचं?"

 त्यांचंही खोटं नव्हतं. बदलापुरात अर्धं गाव बाबांना फोरमनसाहेब म्हणून ओळखायचं. मी आईंकडे वळून बघितलं. त्यांनी पदराने चष्मा पुसून पुन्हा घातला, स्क्रीनच्या अगदी जवळ आल्या.

"असेच दिसतात ते," त्या म्हणाल्या. "असेच छाप."

मग मजकूर. वर मोठ्या अक्षरात 'हरवले आहेत', खाली वय, उंची, अंगातला पांढरा सदरा, पट्ट्यांचा पायजमा. आमच्याकडे फोन नव्हता, म्हणून शेजाऱ्यांचा पी. पी. नंबर. मराठीखाली तेच हिंदीत. कागद भरला होता. तेव्हा आई म्हणाल्या, ते भोंग्याचं घाल. मी म्हटलं, आई, जागा नाही, आणि लोकांना ते कळणारही नाही. अक्षरं बारीक केली तर लांबून वाचता येत नाहीत. त्या म्हणाल्या, नाव ते सांगणार नाहीत, पत्ता सांगणार नाहीत, ते एवढं एकच बोलतील. त्यांचं मन मोडवेना म्हणून मी उंचीची ओळ काढली आणि तिथे घातलं, 'भेटेल त्याला भोंगा झाला का असे विचारतात.' मनातून मला ते बरं वाटलं नाही. हँडबिल गचाळ झालं असं वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. शुक्रवारी आमच्याकडे दिवसभर वीज नसायची, छापखाने बंद. ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. छपाईची प्लेट बनवण्यासाठी ट्रेसिंग पेपरवर काढलेली प्रिंट मांडीवर घेऊन मी विठ्ठलवाडी डेपोजवळच्या छापखान्याच्या बंद शटरसमोर बसले होते आणि डोक्यात एकच चालू होतं, काल सकाळीच छापायला टाकलं असतं तर. फोटोवर एवढा वेळ घालवला नसता तर. डेपोतून सुटणाऱ्या प्रत्येक एसटीच्या खिडक्यांतून मी म्हाताऱ्या माणसांचे चेहरे बघत होते.

शनिवारी मशीन सुरू झालं आणि पहिला कागद हातात आला. बाबांच्या तोंडाच्या जागी काळा डाग होता. हे मला कळायला हवं होतं. असा हलका कागद शाई पितो, फोटो स्क्रीनवर दिसतो त्याहून गडद उतरतो, म्हणून तो आधीच फिका करून द्यायचा असतो. इतर वेळी मी ते न चुकता करायचे. या वेळी डोळ्यांखालची छाया, गालातली छाया, ती खुंटं, सगळं एकात एक मिसळून गेलं होतं. छापखानेवाले म्हणाले, चालेल की ताई, नाव-नंबर तर दिसतोय. मी नाही म्हटलं. मशीन थांबवायला लावलं, तशीच सेंटरवर गेले, चेहरा पांढरा पडेपर्यंत उजळला, नवी प्रिंट काढली, नवी प्लेट करायला लावली. प्लेट वाळेपर्यंत मी फोन नंबर एकेक आकडा बोट ठेवून वाचत होते. बरोबर आहे हे कळत होतं, तरी पुन्हा पहिल्यापासून वाचत होते.

त्या संध्याकाळपर्यंत हँडबिलं लागली. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, शहाड. एसटी स्टँड, दवाखाने, रिक्षाच्या काचा. सेठने त्याच्या ओळखीच्या दुकानदारांना प्रत्येक पार्सलात एकेक घालायला सांगितलं.

पहिला फोन शहाडहून आला. एक म्हातारा स्टेशनबाहेर बसलाय, दाढी वाढलेली, पांढरा सदरा, हुबेहूब तोच. यजमान आणि मी धावत गेलो. लांबून मलाही बाबाच वाटले. हाक मारली. त्यांनी मान वर केली, ते दुसरेच कुणीतरी होते. आमचं हँडबिल त्यांच्या मागच्याच भिंतीवर होतं. त्यांना केळी दिली आणि परतलो. दुसरा फोन अंबरनाथच्या देवळाजवळून. तेही दुसरेच. मला कळून चुकलं. गाल आत गेलेला, दाढी वाढलेला, केस विरळ झालेला कुठलाही म्हातारा त्या फोटोत बसत होता. बाबांचं जे फक्त बाबांचं होतं ते मी पुसून टाकलं होतं, असं मला वाटायला लागलं. पुढचे दोन दिवस भिंतीवर हँडबिल दिसलं की मी नजर खाली घालायचे. आईंना हे सांगायची माझी हिंमत झाली नाही.

खरा फोन आला तो दुपारचा, आणि बोलणारी बाई फोनवर आणखी कुणाला तरी विचारत विचारत बोलत होती. बारवी धरणाच्या वाटेवरच्या एका आगरी वस्तीतली ती भाजीवाली, बदलापूर स्टेशनबाहेर बसायची. शेजारच्या काकूंनी मला हाक मारून रिसीव्हर दिला. ती म्हणाली, "बाय, तुमचा म्हातारा आमचे घरान हाय. भोंगा झाला का करतं सारखा."

मी वस्तीचा पत्ता विचारून घेतला.

आई आणि मोठ्या दिरांसह आम्ही रिक्षाने गेलो. बाबा भाजीवालीच्या अंगणात बाजेवर बसले होते, हातात भाकरीचा तुकडा, आणि चेहरा तुळतुळीत. त्या घरातल्या म्हाताऱ्याने बोलत बोलत त्यांची दाढी करून दिली होती. जे आम्हाला जमत नव्हतं ते त्याला कसं जमलं कुणास ठाऊक. पोटभर जेवून त्यांचे गालही जरा भरले होते. लग्नातल्या फोटोत होते तसे ते दिसत होते, अगदी तसेच. मी विचारलं, फोटोवरून ओळखलंत का? भाजीवाली म्हणाली, फोटो तिने रोज बघितला होता, पण तो भलताच कुणी वाटला. तिला वाचता येत नव्हतं. बाजूच्या फुलवाल्याने सहज मोठ्याने वाचून दाखवलं, तेव्हा ती टोपली टाकून उठली. त्यांनी बाबांना ठेवून का घेतलं, कळवलं का नाही, हे दिरांनी जरा कडक आवाजात विचारलं. घरातल्या म्हाताऱ्याने सांगितलं की हे म्हणाले रात्रपाळीला आलोय, सकाळी जाईन. रोज तेच म्हणायचे. बाजाराच्या दिवशी पोलीस चौकीत घेऊन जाणारच होतो. जाताना दीर त्या म्हाताऱ्याच्या पाया पडले.

रिक्षात बाबा माझ्या आणि आईंच्या मध्ये बसले होते. आईंनी त्यांचा हात धरला होता. बाबांनी मला ओळखलं नाही, पण मी त्यांच्याकडे बघून रडतेय हे त्यांना दिसलं असावं. त्यांनी पायजम्याच्या खिशातून उरलेला भाकरीचा तुकडा काढला आणि माझ्या हातावर ठेवला.

नंतरच्या रविवारी मी पाण्याची बादली आणि पत्र्याची पट्टी घेऊन आमच्या भागातली हँडबिलं काढायला निघाले. माणूस सापडल्यावर ती भिंतीवर ठेवणं मला बरं वाटत नव्हतं. कोपऱ्यावरचं एक भिजवलं, तेवढ्यात आई मागून आल्या. म्हणाल्या, राहू देत. पुन्हा कधी गेले तर लोक ओळखतील, घरी आणून सोडतील. मी म्हटलं, फोटो तर त्यांच्यासारखा नाहीच आहे.  भिजून सुटलेला कोपरा आईंनी तळव्याने दाबून पुन्हा भिंतीला चिकटवला. मी बादली तिथेच ओतली आणि आम्ही दोघी घरी आलो.