आजोबांच्या बोटीवरचा शुक्रवार

हॉस्पिटलचा फोन आला तेव्हा आयर्लंडमधल्या आमच्या एनिस गावात अजून उजाडायचं होतं. नर्स म्हणाली, तुमचे सासरे गेले. संध्याकाळी तर अगदी ग्रँड, म्हणजे इथल्या भाषेत छान, होते. माझ्या नवऱ्यानं, समीरनं, वेळ विचारली. मग ती म्हणाली, वॉर्डातल्या घड्याळात एक वीस झाले होते, पण आज एकाचे थेट दोन होतात, म्हणून कागदावर दोन वीस लिहिलंय. मार्चमधला शेवटचा रविवार होता तो. घड्याळं एक तास पुढे करायचा.

सासूबाई गेल्यावर, २०१६ मध्ये, आप्पा मालवणहून आमच्याकडे आले. मुंबईच्या गोदीत फिटर म्हणून हयात घालवलेला माणूस. येऊन महिना झाला नाही तोच त्यांनी माझं जेवणाचं टेबल बळकावलं आणि एका जुन्या ब्रिटिश क्रूझरचा, म्हणजे युद्धनौकेचा, इतिहास लिहायला घेतला. मी वैतागायचे. खोटं कशाला सांगू, ताटं कुठे मांडू म्हणून एकदा फडाफडा बोललेही. ते नुसते हसले.

त्यांचे आजोबा त्या बोटीवर आगवाला होते, बॉयलरमध्ये कोळसा टाकायचे. गेले ते परत आलेच नाहीत. मरणाची तिथी माहीत नाही, म्हणून घरात त्यांचं श्राद्ध सर्वपित्री अमावास्येला, सगळ्यांच्या गर्दीत. आप्पांना ते फार लागायचं. आजोबांना स्वतःची तिथी मिळवून द्यायची, एवढाच ध्यास. लंडनहून बोटीच्या रोजनिशीच्या पानांचे फोटो मागवून ते रोज भिंग लावून बसायचे. मुंबई, आफ्रिकेचं केप, दक्षिण अमेरिका... मग पॅसिफिक.

एका दुपारी त्यांनी हाक मारली. गुरुवारच्या पानावर लिहिलं होतं, हिंदी आगवाला अत्यवस्थ. पुढचं पान शनिवारचं, आणि त्यात पहाटेच त्याचा देह समुद्रात सोडलेला. मधलं पान हरवलेलं नव्हतं. बोटीनं पॅसिफिकमधली तारखेची रेषा पश्चिमेकडे ओलांडली होती; तशी ओलांडली की एक दिवस गळतो, म्हणून शुक्रवार झालाच नव्हता.

"ह्यो दिस खंय गेलो गो, मेधा?"

गुरुवार धरा, असं गुरुजींनी फोनवर सांगितलं, पण आप्पांना पटेना. बोट उलट फिरून ती रेषा ओलांडेल तर एक दिवस परत मिळेल, म्हणून ते पुढची सगळी पानं वाचत राहिले. ती फिरली नाही. पुढे मायदेशी, ब्रिटनला, गेली, शेवटी इथल्याच, आयर्लंडच्या, एका बंदरात नांगरून पडली आणि भंगारात निघाली.

त्यानंतर आप्पा मार्च आला, घड्याळातला एक तास गळणार म्हटलं, की अस्वस्थ व्हायचे. गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी, शनिवारी, हॉस्पिटलच्या कॉटवरून माझा हात धरून म्हणाले, "आज रातीक घड्याळ फुडे करतत मां? माका जागो ठेव." मी म्हटलं, आप्पा, काहीतरीच तुमचं. पांघरूण नीट केलं आणि घरी आले. ते मला अजून सहन होत नाही.

आता टेबल रिकामं आहे, आणि मला तिथे जेववत नाही. त्यांच्या खोलीतलं घड्याळ आम्ही पुढे केलेलं नाही. ते घरापेक्षा एक तास मागे चालतं. आजोबांचा शुक्रवार कुणी परत आणला नाही. पण इथे ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे घेतात, आणि रात्री एक ते दोन हा तास दोनदा येतो. समीर झोपेल. मी त्या खोलीत, आप्पांच्या खुर्चीजवळ, जागी बसणार आहे.