दाजींची टाच

भोकरदनच्या पंचक्रोशीत बस चुकलेली नसताना पळणारा पहिला माणूस म्हणजे आमचे दाजी. त्यांच्याआधीही लोक पळत, पण त्याला काही कारण असे: बस, बैल, कुत्रं, नाहीतर पोलीस भरती. साठी ओलांडलेला निवृत्त कंडक्टर इस्त्रीच्या फुलपँटमध्ये शर्ट खोचून, खिशाला पेन लावून जालना रोडनं उगाच पळतो, हे गावाच्या पचनी पडायला वेळ लागला. पेन कशाला, असं मी एकदा विचारलं. "न्हाई लावलं की तोल जातो," ते म्हणाले. निघताना ते फाटकाची कडी दोनदा वाजवत, परतल्यावर एकदा. बेल दिल्याशिवाय त्यांनी स्वतःचं शरीरही कधी जागचं हलवलं नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. अक्का गेली आणि ते पळायला लागले. उजाडायच्या आत उठून चहा ठेवायचा आणि तो संपेपर्यंत दोघांनी बोलत बसायचं, हा त्यांचा आयुष्यभराचा रिवाज. "मेव्हणे, दिवस कसाबी निघतो," ते मला म्हणाले होते, "पण चहाच्या टायमाला घर खायला उठतं." म्हणून त्या वेळी ते घरात थांबत नसत. तिच्या जाण्यानं मला खुर्चीत बसवून हातात पुस्तक दिलं, त्यांना बूट घ्यायला लावले.

अडचण होती ती आमच्या लोकांच्या चांगुलपणाची. पळणाऱ्या माणसाला कुठंतरी जायची घाई असणार, अशी सगळ्यांची खात्री. मोटारसायकलवाले थांबत, दुधाचे टेम्पो थांबत, त्यांच्या जुन्या डेपोच्या बसही थांबत. नाही म्हणणं दाजींच्या स्वभावात नव्हतं, त्यामुळं पळायला म्हणून निघालेले दाजी पुष्कळदा दुधाच्या कॅनवर बसून परत येत. शेवटी त्यांनी स्टँडवरच्या हॉटेलात उभं राहून, भरलेल्या बसमध्ये वापरायचा आवाज काढून जाहीर केलं, "मला कुणी बसवून घ्यायचं न्हाई. हात केला तरी थांबायचं न्हाई. म्या गयावया केली तर बिलकुलच थांबू नका, माझं मन कच्चं हाय." लोकांनी ते मनावर घेतलं.

मग एके दिवशी, कापसाच्या जिनिंग मिलच्या पुढं, दाजींच्या टाचेमागं कुणीतरी फाडकन दगड मारला. ते गर्रकन वळले. मागं एक शेळी होती. तिला त्यांनी चांगलंच झापलं, आणि पुढचं पाऊल टाकल्यावर त्यांना कळलं की शेळी निर्दोष आहे. टाचेच्या मागची जाड शीर धरली होती. पाय टेकवेना. त्यांनी मोटारसायकलला हात केला, स्वारानं राम राम घातला. टेम्पोला हात केला, त्यानं हॉर्न वाजवून हुरूप दिला. जालन्याची बस आली तेव्हा दाजी एका पायावर उभं राहून दोन्ही हात हलवत होते. कंडक्टर दारातून वाकून ओरडला, "दाजी, मन कच्चं करू नका," आणि त्यानं डबल बेल दिली.

त्यांचा फोन आल्यावर मी स्कूटर घेऊन पोचलो तेव्हा ते मैलाच्या दगडावर बसले होते. वेदनेनं चेहरा पिळवटलेला, पण डोळ्यांत कौतुक. "शिस्त पाह्यली का लोकांची? एक जण थांबला न्हाई."

पुढं गावानं आपला चांगुलपणा व्याजासकट वसूल केला. कुणी रुईचं पान तापवून बांधायला सांगितलं, कुणी आंबेहळद, कुणी विटेचा शेक. कुणाला वाईट वाटू नये म्हणून दाजींनी सगळं एकदम केलं आणि टाचेवर लिंबाएवढी सूज आली. डॉक्टरांनी आधी ते धुऊन टाकलं. शीर तुटलेली नाही, म्हणाले, पण काही आठवडे पळणं बंद. पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा हळूहळू वरखाली करायच्या, दुखणार नाही इतपतच चालायचं. दाजींनी मान हलवली. बाहेर आल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "मंग सकाळी काय करू?"

मी उशिरा उठणारा माणूस. पण दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मी त्यांच्या ओट्यावर होतो. चहा मी केला. तो अतिशय वाईट झाला होता, दाजींनी सबंध प्याला. मग ते पायरीवर टाचा उचलत राहिले, आणि नंतर आम्ही गोगलगाईला लाज वाटेल अशा चालीनं केळना नदीच्या पुलाकडं निघालो.

पळताना माणसाला बोलता येत नाही. दाजी इतके दिवस अक्काबद्दल का बोलले नव्हते, हे मला तेव्हा उमगलं. आता दम शिल्लक होता. ते म्हणाले, "तुमची बहीण पयल्यांदा माझ्या गाडीत आल्ती तवा पेरूची पाटी मांडीवर घेऊन बसली. म्हणं, पाटी मांडीवर हाय, मंग तिचं तिकीट कशाला? जालन्यापस्तोर भांडली."

"मग?"

"मंग काय. पाटीचं तिकीट म्या भरलं, अन् ती उतरताना तिचं गाव कुठलं ते विचारून घेतलं."

हे अक्कानं मला कधी सांगितलं नव्हतं. मी तिचा भाऊ, पण त्या पाटीतला एकही पेरू माझ्या आठवणीत नाही. आता रोज सकाळी ती मला थोडी थोडी नव्यानं कळते आहे, पुलापर्यंत जाताना आणि येताना.

परवा डॉक्टरांनी टाच दाबून पाहिली आणि आता हळूहळू पळायला हरकत नाही म्हणाले. काल सकाळी दाजी ओट्याच्या पायऱ्या दोन-दोन करून उतरले. मी विचारलं, "टाच कशी आहे?" त्यांनी वाकून टाच चोळली. "अजून जरा दुखून राह्यलीय," म्हणाले. मी म्हणालो, घाई करू नका. गोष्ट अजून त्यांच्या लग्नापर्यंतही आलेली नाही, आणि ती भराभर पुढं सरकावी असं आम्हा दोघांनाही वाटत नाही.