स्कूटरच्या पैशात दोन सीटची लाल गाडी: बार्शी ते सोलापूर

जुनी स्पोर्ट्‌स कार घ्यायची आहे, खिसा बेताचा आहे, काय करू, असं हल्ली मला ब्लॉगवर कोणी ना कोणी विचारतंच. माझा अनुभव एकाच गाडीचा, आणि तोही शहात्तर सालचा. तरी सांगतो. ऐकून काही फायदा होईल अशी हमी नाही.

तेव्हा मी सोलापुरात पाटबंधारे खात्यात कारकून होतो आणि स्कूटरसाठी नंबर लावून बसलो होतो. आजच्या वाचकांसाठी खुलासा: त्या काळी पैसे होते म्हणून स्कूटर मिळत नसे, वाट बघायला मिळत असे. माझा नंबर लागायला अजून चार वर्षं होती. स्कूटरसाठी साठवलेले पैसे तोवर पोस्टात पडून होते.

माझे वडील, अण्णा, बार्शीच्या एका धान्याच्या व्यापाऱ्याकडे बारा वर्षं ड्रायव्हर होते. मालकांच्या गाड्या दोन. मोठी काळी अण्णा चालवत. दुसरी लाल, दोन सीटची, टप उघडणारी विलायती गाडी. ती मालक स्वतः चालवत. अण्णांनी ती धुवायची, पुसायची आणि गॅरेजमधून फाटकापर्यंत आणून द्यायची. म्हणजे बारा वर्षांत त्यांनी ती रोज साधारण चाळीस फूट चालवली होती. गाडीच्या कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की पार्ट शिल्लक आहेत का म्हणून फोन येतात.

काम सुटल्यावर अण्णा आमच्याकडे राहायला आले त्याला दोन वर्षं झाली होती. या दोन वर्षांत ते ‘व्हय’, ‘न्हाय’ आणि ‘भाकरी बास’ एवढंच बोलले होते. माझी बायको मालन हिला पहिले सहा महिने वाटलं, सासरे आपल्यावर रागावलेत. मी तिला सांगितलं, ते माझ्याशीही असेच आहेत, मी शाळेत होतो तेव्हापासून. तिचं समाधान झालं, माझं झालं नाही.

मग बार्शीहून मालकांच्या बाईसाहेबांचं कार्ड आलं. मालक वर्षापूर्वी वारले होते. लाल गाडी विकायची आहे, शुक्रवारी एक बागायतदार येऊन इंजिन उतरवून विहिरीवरच्या पंपाला लावणार आहे, शंकरला शेवटचं बघायचं असेल तर त्याआधी यावं. शंकर म्हणजे अण्णा. त्यांनी कार्ड तीनदा वाचलं.

“पंपाला लावनार म्हनं,” ते म्हणाले आणि ताटावरून उठले.

रात्री मी मालनला सांगितलं, स्कूटरच्या पैशात ती गाडी घेतो.

“स्कूटरवर चौघं बसत्यात,” ती म्हणाली. “हिच्यात किती?”

“दोन.”

“मग पोरगी कुटं बसायची?”

“मांडीवर.”

“कुनाच्या? मी तर घरीच ऱ्हानार की.”

मी दिवा मालवला. सकाळी तिनंच पोस्टाचं पुस्तक काढून हातात दिलं. “अण्णास्नी एकदा मनासारखी चालवू द्या,” म्हणाली. “मग इका हवी तर.”

गुरुवारी सकाळच्या एसटीनं आम्ही दोघं निघालो. सोलापूर ते बार्शी सत्तर किलोमीटर, तिकीट पाच रुपयांच्या आत, वेळ तीन तास, कारण हात केला तिथं गाडी थांबत होती. अण्णा ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसले आणि वाटभर त्याच्या हाताकडे बघत राहिले.

“आजोबा, डायवर हायसा काय?” कंडक्टरनं विचारलं.

“व्हतो,” अण्णा म्हणाले. वाटेतल्या वैरागपर्यंतचं संभाषण संपलं. पुढचंही.

बार्शीत स्टँडजवळच्या खानावळीत ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी आणि पिठलं, दोघांचे मिळून चार रुपये. रिकाम्या पोटी गाडी बघायला जाऊ नये, भुकेला माणूस भाव करत नाही.

गाडी गॅरेजमध्ये होती. रंग उडून विटकरी झालेला, टपाच्या कापडाला दोन ठिकाणी गादीच्या खोळीचं ठिगळ. अण्णा जवळ गेले आणि त्यांनी बॉनेटवर सबंध तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला. मी टोपी काढून बाजूला उभा राहिलो.

“गार हाय,” अण्णा म्हणाले. “गरम करून ठिवली न्हाय. आता चालू कर.”

हे मात्र लिहून ठेवा. जुनी गाडी घ्यायला जाल तेव्हा आधी बॉनेट चाचपा. इंजिन गरम लागलं तर तुम्ही यायच्या आधी कोणीतरी तासभर खटपट करून ते चालू केलेलं असतं. आमची गार होती आणि चौथ्या झटक्याला सुरू झाली. बाकी आरसी बुक बघा, स्टँपपेपरवर लिहून घ्या, टायरांवर विश्वास ठेवू नका.

“पंपवाला दोन हजार देतोय,” बाईसाहेब म्हणाल्या. “शंकर नेणार असेल तर मलाही तेवढेच द्या. मी हिच्यात दोनदा बसले. दोन्ही वेळा अंबाडा सुटला.” त्यांनी चार लिंबं आणून ठेवली होती. चार चाकांखाली चार लिंबं आणि समोर एक नारळ एवढ्यावर गाडी आमची झाली.

मी किल्ली अण्णांच्या हातात दिली. बारा वर्षं वाट बघितलेला माणूस आता उडी मारून बसेल असं मला वाटत होतं. अण्णा गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला आले आणि त्यांनी माझ्यासाठी दार उघडून धरलं.

मला फार लाज वाटली. पण बाईसाहेब बघत होत्या, म्हणून बसलो.

पेट्रोल तेव्हा साडेतीन रुपये लिटरच्या आसपास होतं, आम्ही दहा लिटर भरलं. अण्णा ताठ बसून चाळिसाच्या वेगानं चालवत होते. डोळे रस्त्यावर, तोंड बंद. वाऱ्यानं माझी टोपी गेली तेव्हा त्यांनी गाडी थांबवली, मी ती घेऊन आलो, परत निघालो. मी दोनदा विचारलं, “कशी आहे?” ते दोनदा म्हणाले, “बरी हाय.” वैरागला चहा घेतला. मी बाकड्यावर, ते कप घेऊन गाडीपाशी उभे. स्कूटर गेली, पैसे गेले आणि मला दोन हजारांत एक ड्रायव्हर मिळाला, असं मनात येऊन मी चिडलो. कोणावर ते कळेना.

वैराग सोडल्यावर काही मैलांनी रस्ताभर हुलगे, म्हणजे कुळथाचे वेल, पसरले होते. आमच्याकडे सुगीला शेतकरी उपटलेलं पीक डांबरी रस्त्यावर टाकतात. ट्रक-एसट्या वरून जातात, शेंगा फुटतात, फुकटात मळणी होते. अण्णांनी गाडी थांबवली. कडेला एक बाई सूप घेऊन उभी होती.

“जावा की वरनं,” ती ओरडली. “त्यासाटनंच टाकलंय.”

“चला अण्णा,” मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, गिअर टाकला आणि गाडी घातली. वीस हातांवर काहीतरी करकरलं, जळका वास आला आणि गाडी बंद पडली. तिचं पोट जमिनीपासून वीतभर. हुलग्याचे वेल खालच्या शाफ्टला दोरखंडासारखे गुंडाळले होते, उरलेला ढीग आम्ही पुढं ओढत आणला होता.

“अगं बया! शेंग एक न्हाय फुटली,” बाई म्हणाली. “लई हलकी हाय ही. बैल बरा हिच्यापरीस.”

अण्णांनी तिचा विळा मागून घेतला, धोतर खोचलं आणि ते गाडीखाली शिरले. अर्धा तास वेल कापून काढत होते. मी खाली वाकून विचारलं, “असं होणार हे तुम्हाला माहीत होतं?”

“व्हय.”

“मग बोलला का नाही?”

“डायवरनं बोलायचं नसतं,” गाडीखालून आवाज आला. “बसनाऱ्यानं सांगायचं. आपन चालवायचं.”

तेव्हा मला कळलं की हा माणूस बारा वर्षं गाडीत गप्प बसला होता आणि घरी आल्यावर तोंड उघडायचं राहूनच गेलं होतं. वाईट वाटलं. मी त्याचा मुलगा असून इतकी वर्षं ते मला दिसलं नव्हतं, याचं जास्त वाटलं.

ते बाहेर आले, हात पुसून स्टिअरिंगकडे निघाले. मी आधी जाऊन डावीकडचं दार उघडलं आणि धरून उभा राहिलो.

“ह्ये काय?”

“बसा. मी चालवतो.”

“तुला येतंय व्हय?”

मी ऑफिसच्या जीपवर शिकलो होतो. अण्णांकडे शिकायचं म्हटलं तर त्यांना बोलावं लागलं असतं. त्यांनी विळा बाईला परत दिला, धोतर सोडून नीट केलं आणि पुन्हा दाराकडे बघितलं. शेवटी हुलगेवालीच म्हणाली, “बसा की वो मामा. मागनं एसटी येतीया.”

अण्णा बसले. आधी कडेवर, मग टेकून. मी गाडी सुरू केली आणि ते म्हणाले, “आरसा बघितलास?”

मग ते थांबलेच नाहीत. क्लच पुरता दाब. बैलगाडीला हारन देऊ नको, बैल बुजतंय. पुढच्या चढाला, “आता दुसरा. आरं दुसरा!” मधेच मालकांच्या गोष्टी: कुठल्या व्यापाऱ्यानं कोणाला कसं बुडवलं, काळ्या गाडीच्या मागच्या सीटवर बसून कोण रडलं. बारा वर्षांचं ऐकलेलं सगळं बाहेर येत होतं. सोलापूर दिसायला लागलं तेव्हा ते जरा थांबले.

“मालक म्हनायचं, शंकर, एक दिस तुला शेजारी बसवून तुळजापूरपतोर फिरवून आनतो. दर दिवाळीला म्हनायचं.”

“मग?”

“ऱ्हायलं,” अण्णा म्हणाले. “डावीकडं बघ, सायकलवाला हाय.”

घरी मालन ओवाळायला ताट घेऊन उभी होती. “चालवली का मनासारखी?” तिनं विचारलं. अण्णांनी तिला माझ्या चुका सांगायला सुरुवात केली. निरांजन विझलं तरी ते पहिल्या चढालाच पोचले होते. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी मला उठवलं, हातात बादली दिली, स्वतः खुर्ची टाकून बसले आणि कुठं पुसायचं राहिलं ते दाखवत राहिले. मालन आणि पोरगी आळीपाळीनं गाडीत बसल्या. ठरल्या वेळेला स्कूटरचा नंबर लागला, तेव्हा ती गाडी विकली. नफा नाही, तोटाही नाही. अण्णा स्कूटरवर मागे बसत आणि कानाशी बोलत. जाईपर्यंत बोलले.

तर विचारणाऱ्यांना एवढंच: घ्या, पण रस्त्यावरचं पीक बघून चालवा.

आता मुलीनं घेऊन दिलेली गाडी आहे, तिचे गिअर आपोआप पडतात. बार्शीहून येताना तो चढ लागतो. मी वेग कमी करतो आणि डावीकडे कान देतो. कोणी काही बोलत नाही. मग मीच मोठ्यानं म्हणतो, “आता दुसरा.”

“हिला गिअर न्हाईत,” शेजारी बसलेली मालन म्हणते.

“माहीत आहे,” मी म्हणतो.