मंजूर झालेलं सहावं कलम

निजामाच्या अमदानीत उदगीरला सभा भरवायची तर दोघांची मर्जी सांभाळावी लागे. एक सरकारची, दुसरी शेटजींची. सरकार इजाजत द्यायचं. मांडव, सतरंज्या आणि पाहुण्यांचं जेवण शेटजी द्यायचे. धान्याच्या मोंढ्यातले सगळ्यांत मोठे आडते ते, आणि हाताचे सढळ. त्यांच्या घरचा शिरा मीही आवडीनं खाल्लाय, उगीच नावं कशाला ठेवू?

माझे यजमान शाळामास्तर आणि सभेचे चिटणीस. त्या वर्षी बाजारात ज्वारी मिळेना. हमालांच्या बायका रिकाम्या टोपल्या घेऊन परत जायच्या, आणि शेटजींची पेवं भरलेली आहेत हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. म्हणून यांनी सभेत मांडायच्या ठरावात सहावं कलम घातलं: आडत्यांनी पेवं उघडून धान्य वाजवी भावानं विकावं.

सभेच्या सकाळी शेटजी घरी आले. चहा घेतला आणि गोडीनं म्हणाले, "मास्तर, ठराव लई चांगला हाय. तेवढं सहावं राहू द्या. मांडव आपलाच हाय."

यांनी त्या कलमावर रेघ मारली. मला भयंकर राग आला. पण परगावचे पाहुणे येऊन बसले होते आणि त्यांचं जेवण शेटजींच्या चुलीवर शिजत होतं.

दुपारी यांनी पाच कलमं वाचली आणि कागदाची घडी घातली. समोर पोलिसांचे अमीन बसलेले. इजाजतीसाठी ठरावाची उर्दू नक्कल आधीच द्यावी लागे. ती त्यांच्या हातात होती.

"मास्तरसाब, छटवां कलम रह गया. मंजूर हुआ सो पूरा पढ़ना."

सकाळी अमिनांकडे जाऊन नकलेतही रेघ मारून घ्यायची राहून गेली होती. यांनी शेटजींकडे पाहिलं, आणि वाचलं. हमालांनी मांडव डोक्यावर घेतला. शेटजींनीही दोन टाळ्या वाजवल्या, बिचारे.

गावभर यांच्या धिटाईचं कौतुक झालं. घरी आल्यावर मी विचारलं, "मुद्दामच ठेवलं होतं ना नकलेत?"

"न्हाई गं. इसरलो. अमीन बोलला नसता तर गपच बसलो असतो."

सांगताना यांचे डोळे भरले. त्या दिवसाइतका हा माणूस मला आधी कधीच आवडला नव्हता.

पुढच्या सभेला शेटजींनी मांडव दिला नाही. पाहुण्यांना आम्ही पिठलं-भाकरी वाढली. पेवं अजून बंदच होती. हे उन्हात उभे राहिले आणि तेच कलम सगळ्यांत आधी वाचलं, कुणी न सांगता.