नथ जागेवर, आई गायब

"ही आमची आई नाही," देवधर म्हणाले.

मी खुर्ची वळवली. देवधर माझ्या मागे उभे होते. गळ्यात अजून कंपनीचा पास लटकत होता. ते सिंगापूरच्या जुरोंग आयलंडवर एका केमिकल प्लांटमध्ये इंजिनिअर आहेत. कंपनीची बस त्यांना जुरोंग ईस्टला सोडते, आणि तिथून आमचा स्टुडिओ चालत पोचण्यासारखा आहे.

"अहो, फोटो तुम्हीच पाठवलात ना?" मी म्हटलं. "मी काय रस्त्यावरची बाई धरून आणून रंगवली?"

"तसं नाही हो, वैशालीताई. काम सुंदर झालंय. नथ छान, साडी छान. पण ही आई नाही. आईची बहीण असावी अशी दिसतेय. आणि आईला बहीण नाही."

"मग चुकलंय काय? डोळे? रंग?"

"ते कळलं असतं तर सांगितलं नसतं का?"

या उत्तरावर माझं डोकं फिरतं. 'आवडलं नाही' म्हणणारे ग्राहक परवडले. 'सगळं बरोबर आहे पण काहीतरी चुकलंय' म्हणणाऱ्यांचं काय करायचं?

आधी माझं काम काय ते सांगते. मी फोटोंची चित्रं करते. म्हणजे तुम्ही फोटो द्यायचा आणि मी तो कॉम्प्युटरवर असा रंगवायचा की भिंतीवर ऑइल पेंटिंग लावल्यासारखं वाटावं. पुण्यात होते तेव्हा लग्नाचे अल्बम करायचे. इथे सिंगापूरला आल्यावर या स्टुडिओत लागले. लोकांना वाटतं, यात काय, एक फिल्टर मारला की झालं. माझ्या सासूबाईंना तर अजून वाटतं की मला पगार बटण दाबायचा मिळतो.

फिल्टर असतोच. पण तो डोळ्याच्या बाहुलीला आणि मागच्या पडद्याला एकच न्याय लावतो. सगळ्या फोटोभर सारख्या रेघा ओढतो, आणि माणसाचा चेहरा गरम पोळीवर तूप फिरवल्यासारखा तुळतुळीत होतो. म्हणून आम्ही हाताने रंगवतो. फोटोवर एक रिकामा लेयर घ्यायचा. लेयर म्हणजे फोटोवर ठेवलेला ट्रेसिंग पेपर समजा. मग असा ब्रश घ्यायचा, जो खालच्या फोटोतला रंग उचलतो आणि ओल्या रंगासारखा पसरवतो. पार्श्वभूमीला जाडा ब्रश, गालांना मध्यम, डोळ्यांना अगदी बारीक. गालावरचा फटकारा गालाच्या गोलाईने गेला पाहिजे, नाकावरचा नाकाच्या उताराने. शेवटी वरून कॅनव्हासचं विणकाम चढवायचं. एका चेहऱ्याला माझे दोन-तीन दिवस सहज जातात.

देवधरांचं काम त्यांच्या बाबांच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी होतं. माणसाने आयुष्यात हजार पौर्णिमा बघितल्या की करतात, तो सोहळा. आईबाबा मिरजेहून आले होते आणि ईस्ट कोस्टला देवधरांच्या कॉन्डोतल्या फ्लॅटमध्ये मुक्कामाला होते. तिथल्याच फंक्शन रूममध्ये रविवारी कार्यक्रम. मुलाने विचारलं, "बाबा, तुम्हाला काय हवं?" बाबांनी घड्याळ नको म्हटलं, शाल नको म्हटलं. म्हणाले, "माझ्या शेजारी हिचं चित्र लाव. एवढंच."

इथेच खरी अडचण होती. काकूंचा, म्हणजे देवधरांच्या आईचा, एकही फोटो त्यांच्या मिरजेच्या घरात लावलेला नाही. तरुणपणी त्यांच्या तोंडावरून वारं गेलं होतं. औषधाने बरंच बरं झालं, पण तोंडाचा डावा कोपरा जरा खाली राहिला आणि तो डोळा थोडा बारीक. अल्बममध्ये त्या कुठेच नाहीत. असल्याच तर तोंडावर पदर, नाहीतर कोणाच्या तरी मागे. मुलाच्या लग्नात फोटोग्राफरने एक क्षण साधला होता, नऊवारी आणि नथ घातलेला. तेवढा एक फोटो देवधरांनी लपवून जपला होता.

बाबांची मागणी ऐकून काकू म्हणाल्या होत्या, "लावा. पण आधी मला दाखवायचं. मला आवडलं तर लागेल, नाहीतर ह्यांचं एकट्याचं लागेल."

"आणि ती नाही म्हणाली की नाहीच," देवधरांनी मला बजावलं. "बाबा पुन्हा कधी विषय काढणार नाहीत. पण ताई, तिचं तोंड सरळ करू नका हं. बाबांना ते चालणार नाही."

आमचा बॉस मिस्टर गोह, त्याने फोटो बघताच नेमकं तेच सांगितलं. "माउथ अ बिट स्ट्रेट कॅन? फाइव्ह मिनिट्स ओन्ली लाह."

"नो," मी म्हटलं.

"व्हाय नो? कस्टमर हॅपी, वी हॅपी."

"कस्टमर सेड नो." हे एक वाक्य ऐकलं की तो आपल्या जागेवर परत जातो.

दुसरी अडचण फोटोंच्या दिशेची होती. बाबा फोटोत बघणाऱ्याच्या उजव्या हाताकडे किंचित वळून बघत होते. काकूही तिकडेच. जोडीची चित्रं शेजारी लावताना दोघांची नजर आतल्या बाजूला हवी, हा आमच्याकडचा नियम. नाहीतर घरात भांडण झाल्यासारखं दिसतं. बाबांना उलटं करून जागा बदलल्या असत्या तर भागलं असतं. पण आई बाबांच्या डाव्या हाताला पाहिजे, असं गुरुजींनी सांगितलं होतं. म्हणजे काकूंनाच उलटं करणं भाग होतं. आरशात दिसतं तसं. फ्लिपचं बटण, एक क्लिक.

क्लिक केलं आणि नथ उजव्या नाकपुडीत गेली. पदर उजव्या खांद्यावर. अरे देवा! मिस्टर गोहला काही वाटलं नसतं, पण समोर सगळी मराठी मंडळी बसणार. एकजात सगळ्यांना फक्त नथच दिसली असती. मग मी नथ पुसली आणि डाव्या बाजूला नव्याने रंगवली. मोती अन् मोती, मधला लाल खडा, गालावर पडलेली तिची सावलीसुद्धा. पदर डाव्या खांद्यावर आणला. हे करताना मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं, ते खोटं कशाला सांगू.

आणि आता देवधर म्हणत होते, ही आई नाही.

मी एकेक करून गोष्टी काढायला लागले. कॅनव्हासचं विणकाम बंद केलं. "आता?"

"नाही."

माझा रंगवलेला लेयर बंद केला. आता फक्त खालचा फोटो उरला, उलटा केलेला आणि नवी नथ घातलेला. "आता? हा तर फोटोच आहे."

"नाही हो. फोटोतच आई नाही. असं कसं झालं?" देवधर आता रागावण्याच्या पलीकडे गेले होते. त्यांनी चष्मा काढून पुसला. प्लांटमध्ये पंप बिघडला की ते असेच उभे राहत असतील.

एकच गोष्ट उरली होती. मी मूळ फोटो उघडला, न उलटवलेला.

"ही!" देवधर जवळजवळ ओरडलेच. "ही आई!"

मग मी दोन्ही शेजारी ठेवले आणि आम्ही दोघं बघत बसलो. आपला कोणाचाच चेहरा दोन्हीकडे सारखा नसतो. एक भुवई वर असते, एक गाल भरलेला असतो. समोरच्याला त्याची सवय झालेली असते, म्हणून चेहरा उलटा केला की ओळखीचं माणूस परकं वाटतं. काकूंच्या चेहऱ्यात तर हा फरक चांगलाच ठळक. ओघळलेला कोपरा या बाजूचा त्या बाजूला गेला होता. एरवी नथ चुकीच्या जागी दिसली असती आणि देवधरांनी चित्र उलटं आहे हे तिथल्या तिथे पकडलं असतं. मी नथ इतकी चोख बसवली होती की पकडायला काही ठेवलंच नव्हतं.

"तुमच्या नथीने घोटाळा केला," देवधर हसून म्हणाले.

दुरुस्ती सोपी होती. सगळं चित्र परत फिरवलं आणि नथ-पदर पुन्हा जागेवर आणले. पण माझ्या डोक्यातून तो विषय जाईना. घरी येऊन मी माझाच पासपोर्टचा फोटो उलटा केला. अगं बाई, किती बरी दिसत होते मी! पहिल्यांदा स्वतःसारखी दिसले. नवऱ्याला दाखवला. तो बघून म्हणाला, "बरं नाहीये का तुला?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी स्वतःला आयुष्यभर आरशातच बघितलंय. मला माझी उलटी बाजूच पाठ आहे. आणि काकूंना?

शनिवारी मी काकूंची दोन्ही चित्रं, सरळ आणि उलटं, प्रिंट करून देवधरांच्या घरी नेली.

"एकच दाखवा, बरोबर असलेलं," देवधर दारातच कुजबुजले. "उगीच गोंधळ नको. उद्या कार्यक्रम आहे."

"बघू," मी म्हटलं. माझ्या 'बघू'चा अर्थ माझ्या घरच्यांना माहीत आहे. देवधरांना नव्हता.

काकूंनी आधी पोहे दिले, वर खोबरं, मग चहा. माझं माहेर कुठलं, मुलं किती, सगळं विचारून झालं. त्या बोलताना अधूनमधून हात तोंडाशी नेत होत्या. बाबा खिडकीशी पेपर धरून बसले होते, पण पान उलटत नव्हते.

मी बरोबर असलेलं चित्र काढलं. काकूंनी एकदा बघितलं आणि मान फिरवली. "झालं. हेच ते. म्हणून तर मी फोटो काढून घेत नाही." त्यांचा आवाज बारीक झाला. "तुझा दोष नाही गं. तू छान काढलंयस. माझंच तोंड असं आहे." त्या मुलाकडे वळल्या. "शेखर, ह्यांचं एकट्याचं लाव."

बाबांनी पेपर घडी करून ठेवला. मला फार वाईट वाटलं. देवधर माझ्याकडे बघत होते, आता काय, अशा नजरेने.

मी दुसरं चित्र काढलं.

काकूंनी ते हातात घेतलं. लांब धरलं, जवळ आणलं. मग उठल्या आणि दाराजवळच्या आरशाशी गेल्या. चित्र आरशाच्या शेजारी धरलं आणि एकदा आरशात, एकदा चित्रात बघितलं.

"ही मी," त्या म्हणाल्या. "शेखर, ही मी आहे! बघ ना. तोंड वाकडं आहे, पण मी आहे. फोटोत दरवेळी कोणीतरी दुसरीच येते."

"आण बघू इकडे," बाबा म्हणाले. चित्र बघून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "ही कोण?"

"अहो, मी!"

"छे. इतकी वर्षं जिच्यासमोर बसून जेवतोय ती ही नव्हे." त्यांनी पहिलं चित्र उचललं. "ती ही."

मी दोघांना आरशाची गंमत समजावून सांगितली. काकूंना आरशातली बाजू माहीत, बाकी जगाला दुसरी. दोन्ही खऱ्याच. काकू ऐकत होत्या, पण नजर बाबांच्या हातातल्या चित्रावर होती.

"म्हणजे तुम्ही रोज हिला बघता?" त्यांनी बाबांना विचारलं. "लग्नाच्या पुढच्याच वर्षी वारं गेलं मला. तेव्हापासून हीच?"

"मग?"

"आणि एकदाही काही बोलला नाहीत?"

"काय बोलायचं?" बाबा खरंच गोंधळले होते. "चांगली तर आहेस."

काकूंनी पदर डोळ्यांना लावला. तोंडाला नाही, डोळ्यांना. मी उरलेला चहा संपवला. देवधर उगीचच स्वयंपाकघरात पाणी आणायला गेले.

जरा वेळाने काकू म्हणाल्या, "ह्यांचं चित्र आहे ना, त्याच्या शेजारी ह्यांना दिसते तीच लावा. आणि माझी मला द्या. मी आरशाशेजारी लावीन."

"काकू, पण एक अडचण आहे," मी म्हटलं. "यात तुम्ही काकांकडे बघत नाही. पाठ केल्यासारखं दिसेल."

"दिसू दे," बाबा पटकन म्हणाले. "मी बोलायला लागलो की ही तिकडेच बघते."

"बोलता तसंच," काकू म्हणाल्या, आणि खळखळून हसल्या. हसताना हात तोंडाशी न्यायचं राहूनच गेलं. मी मुद्दाम बघितलं.

रविवारी तसंच लागलं. देवधरांनी पाठवलेला फोटो मी मिस्टर गोहला दाखवला. तो बराच वेळ बघत राहिला.

"व्हाय शी लुक अवे? राँग, व्हॉट."

"कस्टमर हॅपी," मी म्हटलं.

आता नवीन काम आलं की मी साइज आणि फ्रेमच्याही आधी एक गोष्ट विचारते. हे चित्र बघणार कोण? ज्याचं आहे तो, की बाकीचे? लोकांना प्रश्न विचित्र वाटतो. पण उत्तर मिळेपर्यंत मी फ्लिपच्या बटणाला हात लावत नाही.