पाठीला पाठ लावून

आमच्या राजुरीच्या मळ्यात माझ्या धाकट्या जावेवर भरदिवसा बिबट्याने झडप घातली. ती गुरांसाठी घास कापत होती. आम्ही आरडाओरडा केला तसा तो उसात पळाला. तिच्या खांद्यावरच्या जखमा भरल्या, पण डोकं काही ठिकाणावर येईना. ती गावातल्या बायकांचे ब्लाऊज शिवायची. आता टेपने माप घ्यायची आणि कात्री उचलेपर्यंत विसरायची. ऊस सळसळला की हातातलं कापड तिथंच राहायचं. एकदा एकीचं भारी कापड वाकडं कापलं गेलं, तेव्हा मशीनवर डोकं टेकून रडली.

नारायणगावच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, मोबाईलवर वाहत्या पाण्याचा संथ आवाज लावायचा, हेडफोन घालून डोळे मिटून बसायचं. मन निवलं की ध्यानातही राहायला लागेल.

घरी हेडफोन लावले, तर तिने ते उपटूनच काढले.

"ताई, कानच बुजवलं तर मागनं काय आलं ते कळंल कसं?"

मळ्यात राहणाऱ्या बाईला कानांचाच तर आधार. मी म्हटलं, "मी बसते तुझ्या मागं. माझं कान उघडं हायेत ना?"

तिने हेडफोन लावले आणि ओट्यावर आम्ही पाठीला पाठ लावून बसलो. तिची थरथर माझ्या पाठीला कळत होती. बऱ्याच वेळाने ती थांबली. मग रोज दुपारी भांडी उरकली की आम्ही तशाच बसायचो. दिवाळीच्या सुमाराला तिने एका नवरीचा ब्लाऊज न चुकता बेतला. घरात सगळ्यांना हायसं वाटलं.

माझं मात्र उलटंच झालं. तिच्यासाठी कानोसा घेता घेता मला तीच सवय लागली. कुत्रं गप्प का झालं, पाखरं एकदम का उडाली, हेच डोक्यात. भाजीत मीठ दोनदा पडायला लागलं. जावेच्या ते लक्षात आलं.

"ताई, आता तुमी लावा. मी बसते मागं."

लावले. पाण्याचा आवाज गोड होता, पण त्याच्या आड काय चाललंय, एवढंच मी शोधत राहिले. थोड्या वेळाने हेडफोन काढले.

"ऱ्हाऊ दे आज," मी म्हटलं.

तिने आग्रह केला नाही. उठली, ओट्याच्या कडेला गेली आणि उसाकडे तोंड करून उभी राहिली.