भाऊजींचा नवा सेट आणि माझी चादर

माझे धाकटे दीर आमच्या गच्चीवरून आसपासच्या साठ घरांना बिनतारी इंटरनेट पुरवतात. समोरच्या दवाखान्यासाठी त्यांनी मोठ्या हौसेने नवा सेट बसवला. जुन्या सेटच्या लहरींवर अख्ख्या वस्तीचे राउटर एकदम बोलतात, त्यामुळे गोंगाट फार. नव्याच्या लहरी वरच्या पट्ट्यातल्या. तिथे गर्दी नाही, वेग चौपट, फक्त दोन्ही टोकांना एकमेकांचं तोंड दिसलं पाहिजे.

पण दवाखान्यातलं इंटरनेट रोज दहाला बंद पडायचं आणि बाराला आपोआप सुरू व्हायचं. तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उद्याही असंच झालं तर मी दुसरीकडून घेते."

भाऊजींनी तारा बदलल्या, शेजारच्या टॉवरला नावं ठेवली. चौथ्या दिवशी दहाच्या आधीच ते लॅपटॉप घेऊन गच्चीवर बसले. रोज एक चादर धुवायची, दहाला वाळत घालायची आणि बाराला वाळली की काढायची हा माझा नेम. मी वर गेले आणि ओली चादर दोरीवर टाकली.

"वहिनी, ती चादर उचला."

"आत्ता तर टाकली."

"उचला, मग सांगतो."

मी उचलली तसं इंटरनेट आलं, पुन्हा टाकली तसं गेलं.

"म्हणजे चार दिवस तुम्हीच माझ्या पोटावर पाय देताय."

"आणि तुमच्यासाठी रोज देवाला साकडंही मीच घालतेय," मी म्हटलं.

दवाखाना टिकला. दोरी आता पाण्याच्या टाकीमागे आहे आणि चादर भाऊजी स्वतः वाळत घालतात. माझ्यावर त्यांचा विश्वास उरलेला नाही.